कचरापेटीशेजारची वस्ती

एका वस्तीचं पाणी मी तीन दिवस तोडलं, तेही एक बटण दाबून. बटणाचं नाव एफ-आठ. खरं तर पाणीपुरवठ्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. आधी वाळूजच्या एका कारखान्यात ऑपरेटर होतो, मग नोकरी सोडून सिडकोत एक गाळा घेतला आणि कारखान्यांची, दवाखान्यांची, सरकारी कचेऱ्यांची यंत्रं वर्षाच्या करारावर सांभाळू लागलो. गेल्या वर्षी दुकानाला कुलूप लावलं. लोक विचारतात, साळवे, इतकी वर्षं केलं तरी काय? मी सांगतो, लोकांच्या हरवलेल्या फायली शोधून दिल्या. त्यांतल्या काही मीच हरवलेल्या होत्या, हे मात्र विचारणाऱ्यांना आजवर सांगितलं नव्हतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरात पत्र, यादी, फोटो, जे काही असतं ते फाईल म्हणून असतं. या फायली बघायला, इकडून तिकडे न्यायला, त्यांची नक्कल करायला, त्या पुसायला एक प्रोग्राम लागतो. त्याला फाईल मॅनेजर म्हणायचं. त्याच्या दोन जाती. एक यंत्राबरोबरच येते. तिच्यात पिवळी पाकिटं दिसतात, ती माऊसनं उचलायची आणि हवी तिथं सोडायची. कुणालाही जमतं, म्हणून मला ती बिनकामाची वाटायची.

दुसरी जात मुद्दाम घालावी लागते. तिच्यात पडदा मधोमध उभा चिरलेला असतो. डावीकडे माल, उजवीकडे मुक्काम. एफ-पाच दाबलं की नक्कल, एफ-सहा दाबलं की बिऱ्हाड हललं, एफ-आठ दाबलं की नाव-निशाण संपलं. हजार फायलींची नावं एका दमात बदलता येतात. एकसारख्या दोन फायली असतील तर त्या हुडकून जादाची उडवता येते. मी या जातीचा भक्त होतो. पुसलेली फाईल आधी कचरापेटीत पडते आणि तिथून परत काढता येते, ही सोय मी माझ्या प्रोग्रामात बंद करून टाकली होती. कचरापेटी कच्च्या लोकांसाठी असते, असं मी मिशीवर हात फिरवत सांगायचो.

भक्तीचा प्रसाद गिऱ्हाइकांनाही मिळायचा. वाळूजच्या एका स्टोअरकीपरला मी हौसेनं हा दोन कप्प्यांचा प्रोग्राम शिकवला. त्यानं आठ दिवसांत डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे इतक्यांदा केलं, की कारखान्यात दोन स्टोअर आहेत असं कॉम्प्युटर सांगायला लागला. तपासणीला आलेले लोक दुसरं स्टोअर दाखवा म्हणून अडून बसले. शेवटी त्यांना कँटीनच्या मागची पत्र्याची शेड दाखवली. त्यांनी तिचा फोटो काढून नेला, आणि पुढं त्या शेडला खरोखरच दुसरं स्टोअर म्हणू लागले.

चिकलठाण्याला नटबोल्ट करणाऱ्या कारखान्याचे एक मालक होते. त्यांनी एकदा तातडीनं बोलावलं. यंत्र ठणठणीत होतं, पण वास्तूच्या एका जाणकारानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की पडद्यावर कचरापेटी वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे वायव्येला कचरा साठलाय, म्हणून ऑर्डरी अडल्यात. "साळवे, ती पेटी नैऋत्येला घ्या," शेठ म्हणाले.

"शेठ, पडद्याला दिशा नसतात. टेबल फिरवलं की दिशा फिरल्या."

त्यांना ते पटलं. दोन दिवस ते टेबल फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. भेटायला येणाऱ्यांना त्यांची पाठ दिसू लागली. शेवटी मीच जाऊन कचरापेटी खालच्या डाव्या कोपऱ्यात ओढून दिली. 'पडद्याला दिशा नसतात' हे माझं वाक्य सांगून मी पुढं कितीतरी ठिकाणी लोकांना हसवलं. आता ज्या कचेरीची गोष्ट सांगणार आहे तिथंही सांगितलं होतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. जायकवाडी तळाला गेलेलं. आमच्याकडे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसायचं. आणि त्याच उन्हाळ्यात जालना रोडच्या दोन्ही अंगांना, पार शेंद्र्यापर्यंत, नव्या इमारती उठत होत्या. स्लॅबवर मारायच्या पाण्याचा टँकर आणि गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर एकाच सिग्नलला एकामागं एक उभे असायचे.

जवळच्या एका तालुक्याच्या कचेरीतली यंत्रं माझ्या कराराखाली होती. तिथं टंचाई शाखा होती. कोणत्या गावाला कोणता टँकर किती खेपा करणार याच्या चिठ्ठ्या रोज सकाळी तिथून निघायच्या. ड्रायव्हरकडे चिठ्ठी असेल तर भरणीच्या विहिरीवर टँकर भरून मिळायचा, नसेल तर रिकामा परत. आणि टंचाई शाखा म्हणजे शेख मॅडम. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, एका बोटानं टायपिंग. पण तालुक्यातल्या कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यात किती पाणी असतं हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या माऊसला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

एका दुपारी नायब साहेबांचा फोन आला. हे नायब तहसीलदार, शेख मॅडमचे वरिष्ठ. टापटिपीचा भारी सोस. "साळवे, उद्या जिल्ह्याचे साहेब आढाव्याला येताहेत. आमच्या टंचाई शाखेचा कॉम्प्युटर उघडला की जुना बाजार दिसतो. आजच्या आज साफ करून द्या."

"मॅडमना विचारलं का?"

"त्या जालन्याला भाचीच्या लग्नाला गेल्यात. चार दिवस नाहीत. म्हणूनच म्हणतोय."

गेलो. पडदा खरोखरच बघण्यासारखा होता. शंभरावर फायली अशाच पसरलेल्या. कुठं गर्दी, कुठं मोकळं रान, दोन-चार तर एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. नावं काय, तर 'नवीन फाईल', 'नवीन फाईल दोन', 'नवीन फाईल तीन', असं करत करत शंभराच्या पुढं. कचरापेटी खालच्या डाव्या कोपऱ्यात. ती बघून मला चिकलठाण्याचे शेठ आठवले आणि मी नायब साहेबांना तो किस्सा सांगितला. तेही खूप हसले. फायलींच्या मागं कसलातरी मळकट पिवळा कागद फोटो काढून लावलेला होता. शेख मॅडमचा चहा सांडलेला असावा, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

एक-दोन फायली उघडून पाहिल्या. प्रत्येकीत चारच ओळी: "सदर गावी टँकर क्रमांक अमुक. चालक तमुक. खेप एक. मंजूर." गावाचं नाव कुठंच नाही. पण सरकारी कागदात 'सदर' हा शब्द चवीपुरता असतोच, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

मग मी माझा प्रोग्राम घातला आणि नायब साहेबांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. कलाकाराला प्रेक्षक लागतोच. सगळ्या फायली निवडल्या, एफ-सहा दाबलं, पडदा मोकळा. टँकरच्या क्रमांकाप्रमाणं कप्पे पाडले. मग एकसारख्या फायली हुडकायला लावल्या. सगळ्या पसाऱ्यात एकच जोडी निघाली: तोच टँकर, तोच चालक, अक्षर न् अक्षर सारखं. "बघा साहेब, एकाच कामाच्या दोन फायली. यंत्र अशानंच मंदावतं." एफ-आठ. गेली. नायब साहेब म्हणाले, "वा!" मागचा मळकट कागद काढून तिथं त्यांच्या पसंतीचं चित्र लावलं. त्यांनी धबधबा निवडला.

"दुष्काळाच्या आढाव्याला धबधबा, साहेब?"

"साहेबांना प्रसन्न वाटेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर चिठ्ठ्यांसाठी रांगेत उभे राहिले, आणि गाव कोणतं लिहायचं हे कुणालाच कळेना. नायब साहेबांनी मला बोलावून घेतलं. "सदर गाव म्हणजे कोणतं?" त्यांनी हाताखालच्या कारकुनाला विचारलं.

"वर उल्लेख केलेलं, सर."

"वर काय उल्लेख आहे?"

"वर काहीच नाही, सर."

शेवटी ड्रायव्हरांनाच विचारायचं ठरलं. फाईलमधल्या नावाच्या माणसाला पुढं बोलवायचं, तो म्हणेल ते गाव चिठ्ठीवर लिहायचं. त्या दिवशी कळलं की तालुक्यातल्या नऊ ड्रायव्हरांचं गाव एकच आहे, आणि ते विहिरीपासून सर्वांत जवळ आहे. त्या गावाला बारा वाजेपर्यंत इतकं पाणी पोचलं की तिथल्या सरपंचांनी फोन करून, आता म्हशी धुवून झाल्या, पुरे करा, असं सांगितलं. मग दुसऱ्या गावांचे फोन सुरू झाले. जो सरपंच ओरडेल त्याचं गाव एका कागदावर लिहायचं, त्याचा टँकर त्याच्याकडं वळवायचा. संध्याकाळपर्यंत फोन थांबले. ज्याचा फोन आला नाही त्याला पाणी मिळालं, असं आम्ही धरून चाललो.

जिल्ह्याचे साहेब मधेच येऊन गेले. ते धबधब्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "हा आपल्या तालुक्यातला?"

"पावसाळ्यात असतो, सर," नायब साहेब म्हणाले.

"छान," म्हणून साहेब गेले. नायब साहेबांनी मला चहा पाजला.

चौथ्या दिवशी सकाळी शेख मॅडमचा फोन. "साळवेसाब, इकडं या. अब्भी."

मी पोचलो तर त्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. माऊसला हात लावलेला नव्हता. "माजा तालुका कुटं गेला?" त्यांनी विचारलं.

"कोणता तालुका?"

"हे पानी कुनी सोडलं माज्या तालुक्यावर? हितं नकाशा व्हता."

तो मळकट पिवळा कागद म्हणजे कचेरीच्या भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा होता. शेख मॅडमनी त्याचा फोटो काढून पडद्यावर मागं लावला होता, आणि प्रत्येक गावाची फाईल त्या त्या गावावर नेऊन ठेवली होती. फाईलला नाव द्यायची त्यांना गरजच नव्हती. सदर गाव म्हणजे फाईल ज्याच्यावर बसली आहे ते गाव. कुठला टँकर कुठून जाताना वाटेत कुठं वळवता येईल, कुठल्या दोन गावांना एक विहीर पुरेल, हे त्यांना नुसतं पाहून कळायचं. फायली एकमेकींवर चढल्या होत्या, कारण ती गावंच एकमेकांना खेटून होती.

"आणि कचरापेटी?" मी विचारलं. माझा आवाज खाली गेला होता.

"ती वर डाव्या कोपऱ्यात येती ना, तिथं बराबर एक गाव हाय. गावावर कचरा कसा ठेवायचा? मंग खाली वढली. खाली नकाशात कायबी नाय, नुसता माळ."

म्हणजे पडद्याला दिशा होत्या. चांगल्या चार होत्या. चिकलठाण्याच्या शेठनी दोन दिवस भिंतीकडं तोंड करून जे शोधलं ते या बाईनं तीन वर्षांपूर्वी चष्मा पुसत करून ठेवलं होतं, आणि मी ते एका दमात साफ केलं होतं. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी राग आला. इतकं साधं काम, आणि माझ्या एवढ्या ताकदवान प्रोग्रामाला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याला नाव दिसतं, आकार दिसतो, तारीख दिसते. फाईल कुठं ठेवली आहे हे माणूस म्हणतो त्या अर्थानं त्याला दिसतच नाही.

मॅडमनी धबधबा काढला, नकाशा लावला. मी कप्पे उघडत गेलो, त्या चालकाचं नाव वाचून एकेक फाईल जागेवर सोडत गेल्या. "ह्यो रामा, म्हंजे हितं. ह्यो बब्बू, म्हंजे वरच्या अंगाला." अर्ध्या तासात तालुका परत उभा राहिला. मग त्यांचं बोट पडद्यावर फिरत फिरत खालच्या डाव्या कोपऱ्याशी येऊन थांबलं. तिथं कचरापेटी एकटी होती.

"कोळपेवस्ती कुटं हाय?"

मी तालुक्यातल्या गावांची छापील यादी पाहिली. "या नावाचं गाव यादीत नाही, मॅडम."

"यादीत नव्हतंच. म्हनून तर हितं ठिवलं व्हतं."

कोळपेवस्ती म्हणजे मेंढपाळांची वीसेक घरं. शेंद्र्याकडची चराईची रानं कारखान्यांत आणि प्लॉटांत गेली, तशी ही माणसं मेंढरं घेऊन सरकत सरकत या तालुक्याच्या टोकाला येऊन टेकली होती. नकाशात नाहीत, यादीत नाहीत, सरपंच नाही, मोबाईलला रेंज नाही. यादीत नसलेल्या जागेला टँकर देता येत नाही. म्हणून शेख मॅडमनी शेजारच्या बोरवाडीच्या फाईलची नक्कल केली होती. तोच टँकर, तोच ड्रायव्हर दगडू, खेप एक. ती नक्कल त्यांनी नकाशाच्या मोकळ्या कोपऱ्यात, कचरापेटीशेजारी ठेवली. रोज बोरवाडीच्याच नावानं दोन चिठ्ठ्या निघायच्या. एक खेप बोरवाडीला, दुसरी वस्तीला.

अक्षर न् अक्षर सारखी असलेली ती जोडी हीच. दगडूला बाहेरून बोलावलं. "तीन दिस चिट्टी एकच भेटली," तो म्हणाला. "मला वाटलं वस्तीवर बोअर लागला आसंल."

तीन दिवस. आणि वस्तीतून फोन आला नव्हता, तर आम्ही धरून चाललो होतो की पाणी मिळालं.

मी घाम पुसला आणि म्हटलं, "मॅडम, काळजी करू नका. पुसलेली फाईल परत काढायचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडं." पिशवीतून सीडी काढली. ते सॉफ्टवेअर यंत्राचा कोपरा न् कोपरा खरवडतं. चाळीस मिनिटं झाली. कुठल्यातरी जुन्या लग्नाचे फोटो निघाले, नायब साहेबांच्या बदलीचा अर्ज निघाला, ती फाईल काही निघेना. मी दुसरं सॉफ्टवेअर लावायला घेतलं.

शेख मॅडमनी तोवर सुपारी कातरून तोंडात टाकली. मग माझ्या हातातून माऊस घेतला. "साळवेसाब, तुमी जी पुसली ती कशाची नक्कल व्हती?"

"बोरवाडीच्या फाईलची."

"मंग बोरवाडी हाय ना शिल्लक?"

त्यांनी बोरवाडीवर जाऊन कॉपी केलं, खाली येऊन पेस्ट केलं. नवी फाईल ओढून कचरापेटीशेजारी ठेवली. मग एका बोटानं छापायचा हुकूम दिला. चिठ्ठी बाहेर आली. मी सीडी पिशवीत टाकली आणि दगडूच्या टँकरमध्ये जाऊन बसलो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हंड्यांची रांग तीन दिवसांपूर्वी लावलेली तशीच होती, कुणी आपला नंबर सोडला नव्हता. बायकांनी पाणी भरायला सुरुवात केली. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या शब्दावर वस्ती चालायची. दोन्ही हातांची बोटं सोललेली. वढ्यात खड्डा उकरून तीन दिवस वाटीवाटीनं पाणी काढलं, असं तिनं दगडूला सांगितलं. मेंढरं पोरांबरोबर खालच्या अंगाला पाठवून दिली होती, परत येतील तेव्हा येतील.

मी पुढं होऊन म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. तुमच्या वस्तीचा कागद माझ्या हातून पुसला गेला."

तिनं हातातला हंडा खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमचा कागुद हाय व्हय सरकारात?" ती म्हणाली.

"कॉम्प्युटरात आहे."

"कुटं आस्तो?"

"खाली... एका कोपऱ्यात."

"कचऱ्याच्या पेटीशेजारी, मावशे," दगडूनं भर घातली. त्याला ते शेख मॅडमकडून कळलं होतं, आणि पोटात ठेवण्यातला तो नव्हता.

गयाबाईनं हंडा उचलून डोक्यावर घेतला. "शेजार कोन्ता का आसंना. जागा तर हाय. आता आमाला तिथून आजूक हलवू नका."

दुसऱ्या दिवशी तेवढं वाक्य शेख मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या. सरकारी खुर्ची सोडताना चार्ज यादी, म्हणजे ताब्यातल्या वस्तूंची यादी, करून पुढच्याच्या हवाली करावी लागते. टेबल एक, खुर्च्या दोन, पैकी एक मोडकी, पंखा एक, शिक्के चार. शेवटची ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती: "संगणकाच्या पडद्यावरील खालचा डावा कोपरा. त्यात कोळपेवस्ती, एक. हलवू नये." नव्या कारकुनानं घाईत न वाचता सही केली.

पुढं टँकरचं काम पोर्टलवर गेलं. सोपं म्हणजे किती सोपं. मोठी मोठी बटणं, आणि गाव यादीतून निवडायचं. यादीत नसलेलं गाव टाईपच करता येत नाही. नव्या कारकुनानं मला फोन केला. "साळवे, माझ्या चार्जमध्ये एक वस्ती आहे. नव्या यंत्राला तो कोपराच नाही. ती जमा कुठं दाखवू?" चार्ज यादीतली वस्तू अशी गायब होत नाही. ती मोडीत काढायची तर वर प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि त्यात कारण लिहावं लागतं: मोडली, झिजली की वाळवीनं खाल्ली. वस्तीला यातलं एकही लागू होईना. मी म्हटलं, जे आहे ते लिहून वर पाठवा. त्यानं पाठवलं. वरून उत्तर आलं की सदर वस्तू प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यावा. अधिकारी गेले, त्यांनी घरं मोजली, माणसं मोजली, नावं लिहून घेतली. कुठल्याच यादीत नसलेली कोळपेवस्ती मोडक्या खुर्चीच्या खालून वर येऊन गावांच्या यादीत बसली. पोर्टलवर आता ती निवडता येते.

त्या चार्ज यादीची एक झेरॉक्स शेख मॅडमनी मला दिली होती, ती मी जपून ठेवली आहे. देणार म्हणून त्यांची सही आहे, घेणार म्हणून कारकुनाची. साक्षीदार म्हणून त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, त्यामुळे तिसरी सही माझी. आरोपीनं सही कुठं करायची, त्याला त्या कागदावर जागा नव्हती.